हट्टी पेशी आणि माणसाळलेले विषाणू

पेशींची पिशवी पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. आत जेमतेम वाटीभर द्रव, पातळ केलेल्या रक्तासारखा. यवतमाळकडून आलेल्या एका वडिलांनी काचेपलीकडून ती पिशवी पाहिली आणि मला विचारले, "एवढंच हाय का, मॅडम?" त्यांच्या धाकट्या मुलाला थोरल्याच्या मूलपेशी द्यायच्या होत्या. साधे प्रत्यारोपण होते, त्यात जनुकाचा काही संबंध नव्हता. मी "हो, एवढंच" म्हटले. त्यांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि त्या पिशवीला हात जोडले.

रक्त तयार करणाऱ्या याच पेशींमध्ये बाहेरचे जनुक घालायचे आणि ते वाहून न्यायला विषाणू वापरायचा, ही कहाणी आता सर्वांना ठाऊक आहे. फुग्यातली मुले बरी झाली, थॅलेसेमियाच्या रुग्णांचे रक्त चढवणे थांबले, हे सगळे छापून आले आहे. मी अशा पेशींच्या खोलीत अनेक वर्षे उभी राहिले. सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत आम्ही एकमेकांना जे किस्से सांगायचो, ते मात्र छापलेल्या कहाणीत सापडत नाहीत. या विद्येचा खरा स्वभाव त्यांतच आहे असे मला वाटते.

आधी त्या पेशीचा हट्ट समजून घ्यायला हवा. अस्थिमज्जेतल्या शंभर पेशींत एखाद-दुसरीवर 'सीडी ३४' नावाची खूण असते. ती खूण पकडून आपण पेशी वेगळ्या करतो. पण त्यांतही आयुष्यभर रक्त पुरवत राहील अशी खरी मूलपेशी फार थोडी, आणि ती बहुतेक वेळ झोपलेली असते. सुरुवातीला वापरात होते ते उंदराचे रेट्रोव्हायरस. पेशी दुभंगताना तिच्या केंद्रकाचे आवरण विरघळते, तेवढ्याच वेळात त्यांना आत शिरता येते. म्हणजे पेशीला जागे करायला हवे. जागे करण्यासाठी वाढीची रसायने घातली, की ती दुभंगते आणि दुभंगता दुभंगता तिचे मूलपेशीपण जाते. झोपली असेल तर दार बंद, आणि जागी केली तर घरातली ती व्यक्तीच बदललेली. पुढचे सगळे किस्से या एका पेचातून निघाले आहेत.

पहिला किस्सा विषाणूचा नाही, पण त्याच्याशिवाय पुढचे कळत नाहीत. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मार्टिन क्लाइन यांनी जुलै १९८० मध्ये थॅलेसेमियाच्या दोन रुग्णांच्या मज्जापेशींत निरोगी ग्लोबिनचे जनुक घातले. एक रुग्ण जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात होती, दुसरी इटलीत नेपल्सला. स्वतःच्या विद्यापीठाकडे त्यांनी परवानगीचा अर्ज केला होता आणि समिती महिनोन्‌महिने प्रश्न विचारत होती. क्लाइन यांनी परदेशी रुग्णालयांची वाट धरली. त्यातही जेरुसलेमच्या समितीला सांगितले होते ते एक आणि ऐन वेळी वापरले ते दुसरे: जोडून तयार केलेला, रिकॉम्बिनंट डीएनए. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजलिस टाइम्सने बातमी फोडली. क्लाइन यांना विभागप्रमुखपद सोडावे लागले, सरकारी अनुदानेही गेली. विद्यापीठाच्या समितीने अखेर नकार कळवला, तेव्हा दोन्ही रुग्णांवर प्रयोग होऊन गेलेला होता. त्या जनुकाचा रुग्णांना उपयोगही झाला नाही आणि अपायही झाला नाही. पेशींनी ते स्वीकारलेच नव्हते.

क्लाइन प्रकरणानंतर या क्षेत्राने दहा वर्षे पावले मोजून टाकली. त्या काळात खरे काम उंदरांवर चालले होते. रिचर्ड मलिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशी पेशी तयार केली, की ती विषाणूचे कवच बनवते पण विषाणूचा स्वतःचा मजकूर त्यात भरत नाही. रिकाम्या लिफाफ्यात आपले पत्र घालायची सोय झाली. पुढच्याच वर्षी उंदराच्या मूलपेशींत जनुक गेले. सगळ्यांना वाटले, आता माणूस दोन-चार वर्षांवर आहे.

मग १४ सप्टेंबर १९९० उजाडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फ्रेंच अँडरसन, मायकेल ब्लीज आणि केनेथ कल्व्हर यांनी चार वर्षांच्या मुलीला तिच्याच जनुकबदल केलेल्या पेशी दिल्या. तिच्या शरीरात एडीए नावाचे विकर बनत नव्हते, त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती कोलमडली होती. ही तारीख आज पाठ्यपुस्तकांत आहे. पण या पेशी मूलपेशी नव्हत्या, तयार झालेल्या टी-पेशी होत्या. मूलपेशीच्या हट्टापुढे माघार घेऊन निवडलेली ती सोपी वाट होती. शिवाय ती मुलगी 'पेग-एडीए' हे विकराचे इंजेक्शनही घेत होती, आणि ते थांबवायचे धाडस कोणी केले नाही. त्यामुळे बरे कशाने वाटले, या प्रश्नावर या क्षेत्रात वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले.

इकडे मिलानमध्ये क्लाउडिओ बोर्दिन्योन यांनी त्याच आजारात एक सुंदर युक्ती केली. टी-पेशींना एका खुणेचा विषाणू, मज्जेतल्या पेशींना किंचित वेगळ्या खुणेचा. पुढे रक्तात कोणती खूण टिकते ते पाहायचे. काळ गेला तशी मज्जेची खूण वर आली. मूलपेशीच्या बाजूने पडलेले ते माणसातले पहिले मत होते. १९९३ मध्ये लॉस एंजलिसला डोनाल्ड कोन यांनी तीन नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातल्या पेशी घेतल्या. मुले वाढली, जनुक असलेल्या पेशी दिसत राहिल्या, पण पुरेशा नव्हत्या, आणि इंजेक्शन चालूच ठेवावे लागले.

का पुरेशा नव्हत्या, याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. पेग-एडीए घेणाऱ्या मुलाच्या शरीरात आजारी पेशीही सुखाने जगतात, कारण विकर आयते मिळते. दुरुस्त पेशीला वरचढ व्हायला वावच राहत नाही. २००२ मध्ये मिलानच्या आलेसांद्रो आयुती यांच्या गटाने दोन मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांना जनुक देण्याआधी सौम्य प्रमाणात केमोथेरपी देऊन मज्जेत जागा केली होती, आणि इंजेक्शन अजिबात दिले नव्हते. दोघांची प्रतिकारशक्ती परत आली. इंजेक्शन न देण्याचे कारण शास्त्रीय नव्हते. त्या मुलांना पेग-एडीए मिळण्याची सोयच नव्हती. महाग औषध ज्यांच्यापर्यंत पोचले नाही, त्यांच्यातच मूलपेशीने पहिल्यांदा पूर्ण काम केले. आणि त्या निबंधाच्या लेखकांत जेरुसलेमच्या त्याच हदासा रुग्णालयातले शिमॉन स्लॅविन होते.

त्याच्या काही वर्षे आधी एक प्रयोग असा झाला, की त्यात कोणाला बरे करायचेच नव्हते. सेंट ज्यूड रुग्णालयात माल्कम ब्रेनर यांना रक्ताच्या कर्करोगातल्या एका जुन्या भांडणाचा निकाल लावायचा होता. कर्करोग आटोक्यात असताना रुग्णाचीच मज्जा काढून ठेवायची, तीव्र केमोथेरपी द्यायची आणि मग ती मज्जा परत घालायची, अशी पद्धत होती. तरी काहींचा आजार उलटायचा. शरीरात उरलेल्या पेशींमुळे, की परत घातलेल्या मज्जेमुळे? ब्रेनर यांनी परत घालायच्या मज्जेवर विषाणूमार्फत जीवाणूच्या एका जनुकाची निव्वळ खूण केली. काहींचा आजार उलटला तेव्हा कर्करोगाच्या पेशींत तीच खूण सापडली. डॉक्टर ज्या पेशींना जीव वाचवणाऱ्या समजून परत घालत होते, त्यांतूनच आजार परतत होता. १९९३ साली आलेला हा निष्कर्ष त्या पद्धतीने उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला जिव्हारी लागला असणार.

आता माझा सर्वात आवडता किस्सा. मज्जेच्या पेशी एकट्या थाळीत ठेवून विषाणू घातला की फार थोड्या पेशींत जनुक जाई. पण खाली आधारपेशींची गादी असेल तर काम बरे होई. इंडियाना विद्यापीठात डेव्हिड विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेने त्या गादीत काय आहे याचा माग काढला आणि ते फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनापाशी पोचले. या प्रथिनाचा नेमका तुकडा कापला, तर त्याचे एक अंग पेशीला धरते आणि दुसरे विषाणूला. दोघे शेजारी शेजारी येतात. ज्या पेशीच्या दारात विषाणू क्वचित पोचायचा, तिच्या उंबऱ्यावर त्याला आणून बसवायची ही सोय. हा तुकडा शुद्ध स्वरूपात बनवणारी कंपनी होती क्योतोची ताकारा शुझो. 'शुझो' म्हणजे मद्य गाळणारे. तांदळाची साके आणि शोचू हा त्यांचा मूळ धंदा. आंबवण्याच्या विद्येतून ते १९७९ पासून डीएनए कापणाऱ्या विकरांच्या व्यवसायात आले होते. आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये ताकाराचे नाव असलेल्या बारीक नळ्या आहेत. हानेनबर्ग, विल्यम्स आणि ताकाराच्या शास्त्रज्ञांचा निबंध १९९६ मध्ये आला. रेट्रोनेक्टिन या नावाने तो तुकडा बाजारात आला आणि त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांत जवळजवळ सगळीकडे पोचला. मूलपेशीचे दार उघडायला मदत केली ती पिढ्यान्‌पिढ्या तांदूळ आंबवणाऱ्यांनी.

पॅरिसच्या नेकर रुग्णालयातही तोच तुकडा थाळीच्या तळाशी होता. मरीना काव्हाझाना, सलीमा हासीन-बे आणि आलां फिशर यांनी मार्च १९९९ मध्ये एक्स-गुणसूत्राशी जोडलेल्या 'सिड' या प्रतिकारशक्तीच्या आजाराच्या बाळांवर उपचार सुरू केले. याच आजारामुळे टेक्सासचा एक मुलगा बारा वर्षे प्लास्टिकच्या फुग्यात जगला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या यकृताच्या जनुकोपचारात १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला. सगळे क्षेत्र सुतकात असताना एप्रिल २००० मध्ये पॅरिसहून बातमी आली: बाळे घरी गेली, त्यांच्या टी-पेशी वाढत आहेत. जनुकाने आजार खरोखर बरा केल्याचे हे पहिले निर्विवाद उदाहरण होते.  

२००२ च्या उन्हाळ्यात एका मुलाच्या रक्तात टी-पेशी जास्तच वाढलेल्या दिसल्या. त्या सगळ्या एकाच पेशीची लेकरे होत्या. विषाणूने आपले जनुक गुणसूत्रात जिथे घातले होते, तिथे शेजारी एलएमओ२ नावाचे जनुक होते. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचे नाते डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. विषाणूच्या टोकाला जनुक जोराने चालू ठेवणारा जो भाग असतो, त्याने शेजारच्या एलएमओ२ लाही चालू केले होते. काही महिन्यांत दुसरे मूल आजारी पडले, आणि तिथेही एलएमओ२. कोट्यवधी जागांतून दोनदा त्याच दारात! पुढच्या काही वर्षांत पॅरिसच्या चौघांना आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या एकाला ल्युकेमिया झाला. पॅरिसमधले एक मूल वाचले नाही. बाकीचे केमोथेरपीने बरे झाले. विशेष म्हणजे त्यांची दुरुस्त झालेली प्रतिकारशक्ती केमोथेरपीनंतरही टिकली.

धोक्याची घंटा त्याआधी वाजलीच नव्हती असे नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जनुकबदल केलेली मज्जा दिलेल्या माकडांपैकी तिघांना लिम्फोमा झाला होता. विषाणूच्या त्या साठ्यात स्वतःची नक्कल काढू शकणारे विषाणू मिसळले गेले होते. दोष भेसळीचा ठरला. भेसळ शोधणाऱ्या चाचण्या कडक झाल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. शुद्ध विषाणूही चुकीच्या जागी बसला तर घात करू शकतो, या शंकेकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. पुढे जर्मनीत हॅनोव्हरला विस्कॉट-ऑल्ड्रिच आजाराच्या दहा मुलांपैकी सात जणांना ल्युकेमिया झाला. हा आकडा लिहितानाही मी थांबले आहे.

यावर उपाय म्हणून जो विषाणू पुढे आला, त्याचे नाव ऐकून आजही पालक दचकतात: एचआयव्ही. त्याच्या कुळातल्या विषाणूंना, म्हणजे लेंटिव्हायरसना, एक विद्या अवगत आहे, पेशी दुभंगत नसतानाही केंद्रकात शिरण्याची. लुइजी नाल्दिनी यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेत, भारतीय वंशाचे इंदर वर्मा आणि दिदिए त्रोनो यांच्यासह, एचआयव्हीचा सांगाडा वापरून वाहक तयार केला. तो प्रथम उंदरांच्या मेंदूवर वापरला, कारण न दुभंगणाऱ्या पेशी दाखवायला मेंदूइतके चांगले ठिकाण नाही. एचआयव्हीच्या नऊ जनुकांपैकी सहा पुढे काढून टाकली. उरलेली तीनही वाहक बनवतानाच लागतात, रुग्णाच्या पेशीत त्यांतले एकही जात नाही. शेजारच्या जनुकांना चिथावणारे टोकही कापले.

एचआयव्हीचे स्वतःचे कवचही नको होते, कारण ते फक्त ठरावीक पेशींना ओळखते. म्हणून त्यावर दुसऱ्याच विषाणूचा कोट चढवला. अमेरिका खंडात गुराघोड्यांच्या तोंडाला आणि खुरांजवळ फोड आणणारा हा विषाणू. आपल्याकडच्या लाळ्या-खुरकुतीसारखीच लक्षणे, पण कूळ निराळे. कोट टिकाऊ निघाला, सेंट्रिफ्यूजमध्ये जोराने फिरवला तरी फाटत नाही, आणि तो बहुतेक पेशींना चिकटतो. पुष्कळ वर्षांनी कळले, की हा कोट ज्या कडीला धरून आत शिरतो, ती कडी झोपलेल्या मूलपेशीवर फारच कमी असते. हट्ट अजून संपलेला नव्हता.

मग पेशीची समजूत काढायला आणखी उसनवारी झाली. पेशी आणि विषाणू दोघांचाही पृष्ठभाग ऋणभारित, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तो दुरावा कमी करायला प्रोटामिन सल्फेट वापरतात. ते मूळचे साल्मन माशाच्या वीर्यातले. रुग्णालयांत रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचा परिणाम उतरवायला ते आधीच वापरात होते, म्हणून त्याची परवानगी सहज मिळाली. आणि मूलपेशी मज्जेतून रक्तात बाहेर काढायला प्लेरिक्साफॉर. त्याची जन्मकथा ऐकावी अशी आहे. बेल्जियममधल्या लूवेन इथे एरिक डी क्लेर्क यांचा गट एचआयव्हीवर औषध शोधत होता. एका बाजारी रसायनाने गुण दाखवला, पण तपासाअंती कळले की गुण त्या रसायनाचा नव्हता, त्यात मिसळलेल्या अशुद्धीचा होता. त्या अशुद्धीवरून पुढे प्लेरिक्साफॉर बनले. ते एचआयव्हीवर चालले नाही. पण निरोगी स्वयंसेवकांना दिले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशी वाढल्या, आणि मूलपेशी बाहेर काढणारे औषध म्हणून २००८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सिकलसेलच्या रुग्णाला मूलपेशी बाहेर काढणारे नेहमीचे औषध, जी-सीएसएफ, देणे जिवावर बेतू शकते, म्हणून तिथे प्लेरिक्साफॉरच लागते. म्हणजे एचआयव्हीवर हरलेल्या औषधाने पेशी बाहेर काढायच्या आणि एचआयव्हीपासूनच बनवलेल्या वाहकाने त्यांत जनुक घालायचे. पुढे त्या रुग्णाची एचआयव्हीची जनुकीय तपासणी चुकून 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. म्हणून तसा इशारा या औषधांच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, आणि तो घरच्यांना नीट समजावून सांगावा लागतो.

हे वाहक बनवायच्या कारखान्याबद्दलही सांगायला हवे. तो कारखाना म्हणजे '२९३टी' नावाच्या पेशी. फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडन इथे या पेशींचे मूळ वाण तयार केले. २९३ हा त्यांच्या वहीतला प्रयोगाचा क्रमांक. थाळीला त्या इतक्या सैल चिकटतात, की मीडिया, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, जोराने ओतला तर पापुद्र्यासारख्या सुटून तरंगतात. एके सकाळी मी इन्क्युबेटर उघडला, तर सगळ्या थाळ्यांतला मीडिया जांभळट गुलाबी झाला होता. कार्बन डायऑक्साइड संपला की असा रंग येतो. दोन आठवड्यांच्या पेशी मेल्या होत्या. सिलिंडर बदलल्याची सही नोंदवहीत होती, सिलिंडर मात्र जुनाच होता. ते फक्त संशोधनाचे काम होते, कोणी रुग्ण वाट पाहत नव्हता, याचे मला आजही बरे वाटते.

रुग्ण वाट पाहत असतो तेव्हा काय होते, हे पॅरिसच्या थॅलेसेमिया चाचणीने दाखवले. फिलिप लबूल्श यांच्या या चाचणीतल्या पहिल्या रुग्णाच्या पेशी हाताळणीत कमजोर झाल्या आणि मज्जेत रुजल्याच नाहीत. जनुकाचा त्यात दोष नव्हता. आधी काढून राखून ठेवलेली त्याचीच मज्जा परत घातली, म्हणून तो वाचला. जून २००७ मध्ये दुसऱ्या रुग्णाला पेशी दिल्या. लहानपणापासून दर महिन्याला रक्त चढवून घेणारा तो तरुण वर्षभरात रक्त न चढवता राहू लागला. आणि तेवढ्यात तपासणीत दिसले, की त्याच्या दुरुस्त पेशींपैकी बऱ्याचशा एकाच पेशीच्या वंशातल्या आहेत आणि घातलेले जनुक एचएमजीए२ नावाच्या जनुकाच्या आत बसून त्याला चिथावत आहे. पॅरिसला हे चित्र ओळखीचे होते. सगळे श्वास रोखून थांबले. तो वंश कर्करोगाकडे गेला नाही. उलट २०१० च्या निबंधात त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की उपचाराचा बहुतेक फायदा त्याच एका वंशामुळे झाला. ज्याची धास्ती होती, तोच त्या तरुणाला रक्त पुरवत होता.

याचा अर्थ नवे वाहक निर्धोक झाले असा नाही. मेंदूच्या एएलडी या आजारावरच्या 'स्कायसोना' उपचाराबद्दल २०२४ मध्ये वृत्तांत आला: ६७ मुलांपैकी सात जणांना रक्ताचा कर्करोग. त्या वाहकात जनुक चालू ठेवायला जो जोरकस भाग वापरला होता, तो उंदराच्या जुन्या रेट्रोव्हायरसवरूनच घेतलेला होता.

पैशांचा किस्सा थोडक्यात. लबूल्श यांच्या कामातून उभी राहिलेली कंपनी जेनेटिक्स. २०१० मध्ये तिचे नाव ब्लूबर्ड बायो झाले. थॅलेसेमियावरच्या तिच्या 'झिंटेग्लो'ला युरोपात २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पण किमतीवर सरकारांशी जमले नाही आणि २०२१ मध्ये कंपनी युरोप सोडून गेली. ज्या पॅरिसमध्ये पहिल्यांदा रुग्ण बरा झाला, तिथे ते औषध विकत मिळेना. अमेरिकेत २०२२ मध्ये त्याची किंमत ठरली २८ लाख डॉलर, आणि २०२३ मध्ये सिकलसेलवरच्या 'लिफजेनिया'ची ३१ लाख. एवढ्या किमती लावूनही कंपनी तगली नाही. २०२५ मध्ये गुंतवणूकदारांनी ती विकत घेतली आणि नाव पुन्हा जेनेटिक्स केले. एडीएच्या आजारावरचे 'स्ट्रिमव्हेलिस' २०१६ मध्ये युरोपात मान्य झाले, किंमत ५ लाख ९४ हजार युरो. त्यातल्या पेशी काही तासच टिकत, म्हणून जगभरच्या मुलांना मिलानच्या एकाच रुग्णालयात जावे लागे. दोन कंपन्यांच्या हातून फिरून अखेर ते २०२३ मध्ये तेलेतॉन या इटलीतल्या धर्मादाय संस्थेकडे आले. संशोधनाला सुरुवातीपासून पैसा पुरवणारी संस्था तीच.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आलोक श्रीवास्तव यांच्या गटाने, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या सहकार्याने, हिमोफिलिया-ए च्या पाच पुरुषांच्या मूलपेशींत लेंटिव्हायरसने जनुक घातले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये वृत्तांत आला, की त्या पाचही जणांना पाठपुराव्याच्या काळात रक्तस्राव झाला नाही. त्यांच्या पेशीत घातलेले रक्त गोठवणारे जनुक पूर्ण माणसाचे नाही. काही भाग डुकराच्या जनुकाचा आहे, कारण त्यामुळे पेशी ते प्रथिन कितीतरी जास्त बनवते. मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राने याच विषाणूविद्येवर टी-पेशींचा 'नेक्सकार १९' हा उपचार उभा केला आणि २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळवली. परदेशातल्या अशा उपचाराच्या तो सुमारे दहाव्या हिश्शाच्या खर्चात होतो. म्हणजे विद्या इथे आली आहे, हात तयार आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या सिकलसेलच्या मुलांसाठी हे काम सरकारी पैशातून व्हायला हवे. ते व्हावे अशी माझी तळमळ आहे.

तोवर एक विनंती. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या घरी कोणी येऊन 'स्टेम सेलने, जनुकाने बरं करतो' म्हणून पैसे मागितले, तर आधी त्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. रुग्णालयाच्या नीतिसमितीची मंजुरी लेखी पाहा. भाऊ-बहिणीची मूलपेशी जुळत असेल तर प्रत्यारोपणाचा प्रस्थापित मार्ग आहे. त्याबद्दल रक्तरोगतज्ज्ञाला विचारा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार प्रयोगात असलेल्या मूलपेशी-उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. जो मागेल त्याला एक रुपयाही देऊ नका.